ताईच्या पत्रांतली दोघं

प्रिय ताई,

मायन्यात 'तीर्थस्वरूप' लिहिलं की तू उलट टपाली 'मी अजून माणूसच आहे' असं कळवतेस, म्हणून या खेपेला नुसतं 'प्रिय' लिहिलं आहे. आदर पूर्वीइतकाच आहे. नमस्कारही साष्टांगच समजावा, पण गुडघ्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे. इकडे सगळं बरं आहे. तुझी भावजय बरी आहे. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला, तरी माझ्या शर्टावरचा डाग तिला अजून दारातूनच दिसतो. माझं ब्लडप्रेशर डॉक्टर सांगतात त्यापेक्षा कमी आणि ती सांगते त्यापेक्षा जास्त आहे. तुझ्या कंबरेचं काय झालं? मागे तू व्यायामाबद्दल लिहिलं होतंस. तो करतेस, की माझ्यासारखा त्याचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहेस?

तुझं पत्र येऊन आठ महिने झाले. सुरुवातीला मी टपालखात्याला दोष दिला, मग तुझ्या कंबरेला, आणि गेल्या रविवारपासून तो मी स्वतःकडे घेतला आहे. असं का झालं हे सांगायला जरा मागे जावं लागेल. निवांत बस. पत्र लांबणार आहे, आणि त्यात दातांचे डॉक्टर येणार आहेत.

झालं असं, की वाचनालयात माणसं येईनाशी झाली. वाचनकक्षात रोज येणारे उरले अकरा, आणि त्यातले चार फक्त पंख्याखाली बसायला येतात (त्यांची वर्तमानपत्रं उलटी असतात). ग्रंथपाल म्हणून तुझ्या भावजयीला हे फार लागलं. मग तिने ठरवलं, की दर रविवारी सकाळी दहा वाजता वरच्या हॉलमध्ये कोणीतरी जग हिंडून आलेल्या माणसाने यावं आणि आपल्या लक्षात राहिलेल्या ठिकाणाबद्दल बोलावं. जिन्याखाली फळा लावला, 'पाहिलेली ठिकाणं' असं लिहिलं आणि त्याखाली 'चहा मिळेल' असं त्याहून मोठ्या अक्षरात लिहिलं.

माझा विरोध होता. प्रवाशांना मी जवळून ओळखतो. पस्तीस वर्षं मी त्यांच्या बॅगा दुरुस्त करतो आहे. माणूस कुठे जाऊन आला हे मी चाकं बघून सांगू शकतो. दगडी फरसबंदीच्या शहरातून आलेल्या बॅगेची चाकं एका अंगाने झिजलेली असतात, आणि वाळूच्या प्रदेशातून आलेल्या बॅगेची चेन बोट लावलं की कुरकुरते. पण स्वतः प्रवाशाला विचारलं तर तो काय तुटलं, कुठे तुटलं आणि तिथे कोणीही मदत कशी केली नाही, एवढंच सांगतो. ठिकाण राहतं बाजूला. तेव्हा असल्या माणसांना माईक देऊ नये, असं मी घरात स्पष्ट सांगितलं. तुझी भावजय म्हणाली, "खुर्च्या तुम्ही लावा." त्यामुळे मी पहिल्या रविवारपासून हजर आहे.

पहिल्या रविवारी दातांचे डॉक्टर बोलले. ते जगातला कुठलासा मोठा धबधबा पाहून आले आहेत. त्यांनी पडद्यावर चित्रंही दाखवली. चोवीस चित्रं होती, त्यातल्या नऊ चित्रांत धबधबा होता आणि बाकीच्या पंधरांत नावाड्याचा जबडा. नावाड्याने पाण्याकडे बघून तोंड उघडलं, त्या क्षणी डॉक्टरांना त्याची खालची अक्कलदाढ दिसली, आणि तिथून पुढे धबधबा त्यांनी कानांनीच ऐकला. ती दाढ काढून द्यायला हवी होती, असं ते तीनदा म्हणाले. सात समुद्र ओलांडून गेलेला माणूस कशासाठी झुरेल हे खरंच सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मालवाहू जहाजावरचे निवृत्त इंजिनवाले आले. बेचाळीस बंदरं त्यांनी पाहिली, म्हणजे जहाजाने पाहिली आणि ते खाली इंजिनाशी होते. हॉलमध्ये जरा चुळबुळ सुरू झाली. तेव्हा ते म्हणाले, की एका बंदरात खूप देखणं शहर आहे असं वरून सारखं कानावर यायचं आणि खाली काम तर सोडता येत नव्हतं. म्हणून जहाजावरच्या स्वयंपाक्याने दाढीचा आरसा आणला आणि वरच्या दारात तिरका धरला. त्यात पिवळ्या भिंतीचा एक तुकडा, एक खिडकी आणि कपडे वाळत घालणारी एक बाई दिसली. पाच-सात मिनिटं. "ते शहर मी पाहिलंय," असं म्हणून ते खाली बसले. ताई, बाकी जहाजाचं मला काही कळलं नाही, पण ती खिडकी मला अजून दिसते. (तिसऱ्या रविवारच्या नवरा-बायकोबद्दल लिहीत नाही. ती एकाच दिवशी एकाच बेटावर गेली होती, फोटोत हातात हात आहेत, पण त्याला तिथे ज्वालामुखी दिसला आणि तिला एक दुकान.)

हे सगळं पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या त्या व्याकरणाच्या बाई. तुला सातवीत होत्या त्याच. आता शहात्तर वर्षांच्या आहेत, पाठ तशीच ताठ आहे. कानात यंत्र असतं, आणि बोलणारा कंटाळवाणा झाला की त्या ते बंद करतात. त्याचा बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो अख्ख्या हॉलला ऐकू जातो आणि बोलणाऱ्याचे पुढे हाल होतात. डॉक्टरांच्या वेळी टक् सातव्या जबड्याला झालं. इंजिनवाल्यांच्या वेळी झालंच नाही.

चौथा रविवार, म्हणजे गेला रविवार, सायकलवरून अकरा देश फिरलेल्या एका गृहस्थांचा होता. सव्वादहा झाले तरी गृहस्थ आले नाहीत. माणसं मात्र एकतीस जमली होती (खुर्च्या मीच लावतो, त्यामुळे आकडा पक्का आहे). तुझी भावजय माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जा, ताईंची पत्रं घेऊन या." मी म्हटलं, ती खासगी पत्रं आहेत. ती म्हणाली, "गेली पंचवीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती वाचून दाखवता, ते?" मी उठलो. रस्ता ओलांडून दुकानात गेलो. ज्या तपकिरी चामड्याच्या बॅगेचा मालक ती न्यायला कधीच आला नाही, तिच्यात तुझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेवलेली आहेत. बॅगच उचलून आणली.

आधी तुझी ओळख करून दिली. माझी थोरली बहीण मोठे वजनकाटे तपासायचं काम करायची, ज्यांच्यावर अख्खा ट्रक चढवतात ते काटे. देशोदेशीच्या बंदरांत आणि गोदामांत जाऊन काटा खरं सांगतो की नाही हे ती बघायची. बरोबर टिपणं घ्यायला तिच्या कचेरीतली एक मैत्रीण असायची. एवढं सांगून वाचायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर मला जरा मिरवायचं होतं. आधीच्या वक्त्यांपुढे तुझी पत्रं म्हणजे काय आहेत हे मला ठाऊक होतं.

उत्तरेकडच्या त्या गोठलेल्या बंदराचं पत्र वाचलं. तिथला कारकून रोज सकाळी आधी स्वतः ट्रकच्या काट्यावर उभा राहायचा आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. वीस किलोपेक्षा कमी फरकाला तो काटा हलतच नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं त्याचं वजन एकच. आणि तू काटा दुरुस्त केल्यावर ते चार किलोने वाढलं, तेव्हा तो तुझ्याशी दोन दिवस बोलला नाही. लोक हसले. मग पायऱ्यांच्या शहराचं वाचलं, जिथे गल्ल्याच नाहीत, नुसते जिने आहेत, आणि पोस्टमन वरच्या टोकाला एक नि खालच्या टोकाला एक असे सपातांचे दोन जोड ठेवतो. मग वाळवंटाच्या कडेच्या गावाचं. तिथे वारा थांबेपर्यंत काटा शून्यावर येत नव्हता. तुम्ही तीन दिवस गोदामाच्या ओट्यावर शून्याची वाट बघत बसला होता, आणि तिसऱ्या दिवशी वारा पडल्यावर इतकं शांत झालं, की पलीकडच्या घरात कोणीतरी कागद फाडला तो ऐकू आला. हे वाचताना मी मुद्दाम बाईंच्या कानाकडे बघत होतो. टक् झालं नाही. बाई पुढे सरकून बसल्या होत्या.

मग मी दीपगृहाचं पत्र काढलं. ते माझं फार आवडतं. तू लिहिलं आहेस, 'आम्ही दोघं पायऱ्या मोजत वर चढलो. माझ्या मोजणीत एकशे सत्त्याण्णव भरल्या, दुसऱ्या मोजणीत एकशे अठ्ठ्याण्णव. वर समुद्र होता, पण त्या एका पायरीपायी तो नीट बघता आला नाही. शेवटी खाली उतरून पुन्हा मोजल्या. खालची पायरी अर्धी जमिनीत गेली आहे. तिला पायरी म्हणायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही.'

बाईंनी हात वर केला. शिक्षिकेने हात वर केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"ताईंनी 'दोघं' लिहिलंय, की तुम्ही 'दोघं' वाचलंत?"

मी पत्र डोळ्यांजवळ नेलं. "लिहिलंय."

"मग मैत्रीण कुठे गेली?"

मला काही कळेना. मैत्रीण बरोबर असणारच, तीच दुसरी मोजणी, असं मी म्हणालो.

"दोन बायका असल्या की 'आम्ही दोघी'," बाई शांतपणे म्हणाल्या. "'दोघं' म्हटलं की त्यात एक बाप्या आला. मी माझ्या मनाचं काही सांगत नाही. व्याकरण सांगते."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकतीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, की ताई घाईत लिहिते, आणि व्याकरण तिचं पहिल्यापासून कच्चंच आहे.

"तुमच्या ताई माझ्या वर्गात होत्या," बाई म्हणाल्या. "व्याकरणात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण मी अक्षराचे कापले होते."

ताई, यानंतर सभा माझ्या हातात राहिली नाही. दातांचे डॉक्टर उठून टेबलापाशी आले. कोणीतरी खिडकी उघडून उजेड केला. बाईंनी बॅग आपल्याकडे ओढून घेतली आणि प्रत्येक पत्रात फक्त तेवढाच शब्द शोधायला सुरुवात केली. पहिल्या चौदा पत्रांत 'आम्ही दोघी' आहे. 'आम्ही दोघी बोटीने गेलो', 'आम्ही दोघी भिजलो', सगळीकडे दोघी. पंधराव्या पत्रात मैत्रिणीने नोकरी सोडल्याचं तू स्वतःच लिहिलं आहेस (हे मी वाचलं होतं, शपथेवर सांगतो. पण त्याच पत्रात तुझ्या बॅगेचं हँडल तुटल्याचंही होतं, आणि माझं सगळं लक्ष तिकडे गेलं). त्यानंतरच्या दोन पत्रांत 'मी'. आणि वाळवंटाच्या गावापासून पुढे 'आम्ही दोघं'. बावीस वर्षं. मी ती वाळू गिऱ्हाइकांना इतक्यांदा वाचून दाखवली, की काही जणांना पाठ झाली असेल. पण ओट्यावर तुझ्या शेजारी कोण बसलं होतं, हे मला एकदाही दिसलं नाही.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आणि ही वाक्यं बघा," त्या म्हणाल्या. 'बॅग वर उचलली गेली.' 'मी उठायच्या आत चहा केला गेला होता.' 'चष्म्याची काडी निखळली होती, ती बसवली गेली.' "गेली, गेला, गेली. कर्ता लपवायचा असला की माणूस असं लिहितो. एखाद्या पत्रात ठीक आहे. पण बावीस वर्षं?" त्यांनी पत्राची घडी जशी होती तशी घातली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "केवढे कष्ट घेतले बिचारीने."

मी सभा संपल्याचं जाहीर केलं. इंजिनवाल्यांनी माझ्या हातून चहाची किटली काढून घेतली आणि स्वतः सगळ्यांना चहा दिला. याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दुपारी दुकान अर्धं उघडून बसलो आणि एकसष्टच्या एकसष्ट पत्रं पुन्हा वाचली. मेणाचा दोरा, आरी, रिव्हेटांचा डबा हे सगळं टेबलावरून काढून खाली ठेवलं. ताई, ती सगळी पत्रं वेगळी निघाली. पायऱ्यांच्या शहरात तुला ताप आला होता आणि 'औषध आणलं गेलं', ते तीनशे पायऱ्या उतरून आणि तीनशे चढून आणलं होतं. त्या पत्रात जिन्यांची एवढी वर्णनं का आहेत ते मला आत्ता कळलं. बर्फाच्या बंदराला तू दुसऱ्यांदा गेलीस तेव्हा 'हातमोज्यांचा एकच जोड होता, पण पुरला' असं लिहिलं आहेस. एक जोड दोन माणसांना कसा पुरतो, हा प्रश्न कोणालाही पडावा. मला तेव्हा पडला तो असा, की इतक्या थंडीत बॅगेच्या रबरी चाकांना तडे जातात का. आणि तसं मी तुला विचारलंही होतं. तू सविस्तर उत्तर दिलंस. जातात.

मग मला ते दुसरं पत्र आठवलं. तुझं नव्हे, आमचं. वाळवंटाच्या पत्राच्या सात महिने आधीचं. बाबा दुकानातल्या स्टुलावर बसून सांगत होते आणि मी लिहीत होतो. तू बेचाळिसाव्या वर्षी तिसरं स्थळ नाकारलं होतंस. 'लग्नाचा विषय आमच्या बाजूने संपला आहे. तुझ्याही बाजूने तो पुन्हा निघू नये.' बाबांनी आधी 'काढू नकोस' असं सांगितलं होतं. ते मला कडक वाटलं, म्हणून मी 'निघू नये' असं केलं, आणि आपण बहिणीला केवढं सांभाळून घेतलं असं वाटून मला त्या दिवशी बरंही वाटलं होतं. पत्र चिकटवून मीच टाकलं. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. पण तू खोटंही लिहिलं नाहीस. जी बाई जन्मभर काट्याला शून्यावर आणत हिंडली, ती 'दोघं'च्या जागी 'दोघी' कशी लिहील? जे होतं ते तू प्रत्येक पत्रात लिहिलंस, सरळ शाईत लिहिलंस, आणि इकडे वाचणारा मी होतो.

सगळ्यात शेवटी तुझं शेवटचं पत्र काढलं, आठ महिन्यांपूर्वीचं. तीनच ओळी आहेत. 'नोकरी संपली. आता तिकडे येऊन राहावंसं वाटतं. पण एकटी यायची नाही.' ताई, या पत्राला मी काय उत्तर पाठवलं होतं ते तुला माहीत आहे, पण ते मी इथे पुन्हा लिहितो, कारण मला शिक्षा म्हणून ते लिहिलंच पाहिजे. मी लिहिलं होतं, 'एकटीने यायला घाबरू नकोस. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, ढकलायला माणूसही देतात. फॉर्म आधी भरावा लागतो, तो सोबत जोडला आहे.' आणि फॉर्मवर, तुला सोपं जावं म्हणून, जिथे सही करायची तिथे फुली मारली होती.

ती सही तू केली नाहीस यात नवल नाही.

सोमवारी मी बाईंच्या घरी गेलो. असं काही विचारायचं असलं तर पत्रात कसं विचारतात, हे मला सुचत नव्हतं. बाई खिडकीत बसून कोणाचा तरी निबंध तपासत होत्या (आता शाळा नाही, पण लोक आणून देतात). त्या म्हणाल्या, "प्रश्नार्थक वाक्य करा आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्या." मी म्हणालो, मी ताईला नेहमीच प्रश्न विचारतो. "कसले?" मी आठवू लागलो. तिकडे पाऊस आहे का. चेन नीट चालते का. हँडल टिकलं का. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बॅगेची चौकशी पुष्कळ झाली," म्हणाल्या.

आज गुरुवार आहे. सोमवारपासून हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन या प्रश्नापाशी येऊन थांबली. आता विचारतो.

ताई, ते कोण आहेत?

आणखीही विचारायचं आहे. दीपगृहाची ती पायरी शेवटी धरली की नाही? तुला ताप आला तेव्हा तीनशे पायऱ्या उतरून गेले, तर त्यांना दम लागत नाही का? त्यांना आपली भाषा येते का? येत असेल तर बाईंसमोर जपून बोलायला सांग. आणि हे सगळं तुला सांगायचं नसलं तर सांगू नकोस, मी पुन्हा चाकांबद्दल विचारेन आणि आपण दोघं (बहीण-भाऊ, इथे 'दोघं' बरोबर आहे, मी विचारून घेतलं) पूर्वीसारखं लिहीत राहू. पण तो विषय बंद केलेल्या पत्रातलं अक्षर माझं होतं. सांगणारे बाबा होते, तरी लेखणी माझ्या हातात होती, आणि ते जाऊन बारा वर्षं झाल्यावर तरी मला ते पुसता आलं असतं. तेव्हा ज्याने बंद केला त्यानेच तो आज उघडला आहे, असं समज. चाकांच्या खुर्चीचा फॉर्म फाडून टाक.

लिहायला बरा पण वाचायला कच्चा असा,

तुझा धाकटा भाऊ

ता. क. — पत्र पुरं झाल्यावर शुद्धलेखनासाठी ते तुझ्या भावजयीपुढे ठेवलं. तिने ते न वाचताच परत दिलं आणि म्हणाली, की तिला हे बारा वर्षांपासून माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू आली होतीस, आणि परत जाताना तुला विमानतळावर सोडायला मी आलो नव्हतो, ती आली होती (माझ्याकडे त्या दिवशी एका कलाकाराची मोठी ट्रंक दुरुस्तीला आली होती). त्या टॅक्सीत तू तिला सगळं सांगितलंस. तेव्हापासून तुझी तिला वेगळी पत्रं येतात, वाचनालयाच्या पत्त्यावर. गेल्या आठ महिन्यांत सात आली. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "ताईंचं म्हणणं होतं की तुम्ही विचारलंत तर सांगायचं. तुम्ही विचारलंच नाहीत." बाजारात सायकलवाले गृहस्थ भेटले. त्यांना मी जरा रागानेच विचारलं, तर ते म्हणाले की त्यांचा रविवार पुढच्या महिन्यात आहे, त्यांना तसंच कळवलेलं आहे. आणि बाईंची पहिल्या रांगेतली खुर्ची त्या दिवशी टेबलाच्या इतकी जवळ कोणी सरकवली होती, ते मी आता विचारत नाही. मी ती तिथे लावलेली नव्हती.

दुसरा ता. क. — वरच्या खोलीला रंग देण्याचं काम दोन आठवडे चालू आहे. मला ओल आली असं सांगितलं होतं. काल कळलं की तिथे दोन पलंग टाकायचे आहेत आणि तुमची तिकिटं पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेची आहेत. म्हणजे वर मी एवढ्या धीराने जे जे विचारलं, त्या सगळ्याची उत्तरं या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तुझी भावजय त्यातलं एकही सांगायला तयार नाही. "तुमचा प्रश्न आहे, तुम्हीच उत्तर मिळवा." फार विनवण्या केल्यावर ते घोरतात, एवढंच तिने सांगितलं.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच लवकर टाकतो आहे — विमानतळावर तुम्हाला आणायला या खेपेला मी येणार आहे, दुकान बंद ठेवून. तिथे पाटी धरून उभं राहावं लागतं. तुझं नाव लिहायची गरज नाही. पण त्यांना काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. नाव लिहिलं तर उद्धटपणा दिसेल, 'साहेब' लिहिलं तर परके वाटतील. थोरल्या बहिणीच्या माणसाला जे म्हणतात ते म्हणायला बावीस वर्षांचा उशीर झाला आहे, आणि त्यांना ते चालेल का, हे त्यांना विचारून तू मला लगेच कळव. मी पुठ्ठा कापून 'दाजी' असं लिहून ठेवलं आहे. सध्या पेन्सिलने.